'स्लिप अवे'चं उदाहरण

मेहकरच्या बसस्टँडमागे मी इंग्रजी बोलायचा क्लास चालवतो. काल 'स्लिप अवे' शिकवलं. म्हणजे गुपचूप, कुणाला न कळता निघून जाणं. वर छाती फुगवून सांगितलं, "आपल्या बुलडाण्यात याचं उदाहरण सापडायचं नाही! आपला माणूस निघताना 'जातो' म्हणतच नाही, 'येतो' म्हणतो. वर दारात उभा राहून तासभर बोलतो."

पहिल्या बाकावरची अपेक्षा उठली. "सर, मोठा दादा 'येतो' म्हणूनच पुण्याले गेला. मंग मधला गेला. आता दारात मायच उभी राह्यते. याले इंग्रजीत काय म्हनते?"

"विषय सोडून बोलू नको!" मी खेकसलो.

तिच्या मागच्या भिंतीवर माझाच बोर्ड होता, 'इंग्रजी शिका, पुणे गाठा.' त्याखाली यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो. पहिलाच तिच्या दादाचा.