विहीणबाईंचा कोट

सुनेची आई पहिल्यांदाच मुक्कामाला येणार म्हटल्यावर टेलर मास्तरांनी दोन गोष्टी मनावर घेतल्या. विहीणबाईंना आपल्या हातचा कोट द्यायचा आणि तो आवडला का, हे त्यांच्याच भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये विचारायचं. मापं सुनेने मागवून दिली. शब्दही तिनेच सांगितला.

"आवडणं म्हणजे गुस्तार. 'ते गुस्ता?' म्हणजे तुला आवडतं का?" एवढं सांगून ती कामाला पळाली.

मास्तर मशीनच्या तालावर घोकत बसले. घोकता घोकता त्यांना शंका आली. 'मी बोलतो' म्हणजे 'आब्लो', हे सुनेकडूनच ऐकलेलं. 'मी' आला की शेवटी 'ओ'. मग इथे विचारणारा मीच की! त्यांनी आपल्या बुद्धीने शब्द दुरुस्त केला.

विहीणबाई आल्या. कोट अंगावर असा बसला की कुठे चुणी नाही. मास्तरांनी घसा खाकरला.

"ते गुस्तो?"

विहीणबाईंचे कान लाल झाले. सून हसत मटकन सोफ्यावर बसली.

"काय विचारलंत हो त्यांना?" मास्तरांच्या बायकोने डोळे वटारले.

"कोट आवडला का, दुसरं काय!"

"नाही बाबा," सून डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही विचारलंत, 'मी तुला आवडतो का?'"

"या वयात! तेही माझ्यादेखत!"

मास्तरांना भुई दुभंगेल तर बरं असं झालं. सुनेने त्यांना सावरलं. "अहो, हे तुमच्या मराठीसारखंच आहे. मला कोट आवडतो, मला बटणं आवडतात. 'मला' तसंच राहतं, क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. एक असेल तर गुस्ता, अनेक असतील तर गुस्तान."

"म्हणजे माप कोटाचं घ्यायचं, आणि मी स्वतःचंच घेत बसलो!" मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. मग धीर करून त्यांनी पुन्हा विचारलं, "ते गुस्ता?"

"मे गुस्ता!" विहीणबाईंनी आरशासमोर एक गिरकी घेतली. मग सोनेरी बटणांवर बोट ठेवलं, नाक मुरडलं आणि हळूच म्हणाल्या, "नो मे गुस्तान."

सून अर्थ सांगायला तोंड उघडणार, तोच मास्तर टाळी वाजवून ओरडले, "बटणं आवडली नाहीत! कळलं मला, सगळं कळलं!"

"मी नावं ठेवली की दोन दिवस अबोला," बायको म्हणाली, "आणि आज बघा, स्वारी कशी खुशीत!"

मास्तरांचं लक्ष कुठे होतं? ते बटणांचा डबा आणायला कधीच आत गेले होते.