पिशवीत शिरलेली थंडी

आमच्या बाराओना गावात बाईच्या ओटीपोटात दुखलं की सगळ्यांचं निदान ठरलेलं: पिशवीत थंडी शिरली. माझी सासू एउफेमिया, जिला सगळे मानाने डोन्या म्हणतात, तिचं औषधही ठरलेलं. मुळ्या, साली, मध घालून रममध्ये मुरवलेली बाटली. वर्षभर मी ते कडू जहर नाक दाबून प्यायले. ताप यायचा, अंगावरून घाण वासाचं जायचं, आणि सासू खूश व्हायची. "थंडी बाहेर पडतेय, पोरी. अनवाणी फरशी पुसतेस, दुसरं काय होणार!"

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीण म्हणाली, "थंडीबिंडी काही नाही, जंतू आहेत. खालून वर चढलेत, नळ्या सुजल्यात. आणखी चिघळलं तर मूल राहणं कठीण. गोळ्या दोघांनी घ्यायच्या. नवऱ्याने नाही घेतल्या तर तो तुला पुन्हा देईल. आणि औषध संपेपर्यंत जवळ जायचं नाही."

तिला सांगायला काय जातंय!

माझा नवरा विल्किन लांब पुंता काना गावी पर्यटकांच्या हॉटेलात कामाला, शनिवारी घरी येतो. जेवण झाल्यावर मी त्याच्या वाट्याच्या गोळ्या पुढे ठेवल्या.

"मला काय धाड भरलीय?" तो हसला. मग डोळे बारीक केले. "आणि तुला हे दिलं कुणी? मी तिकडे राबतो, आणि तू इकडे..."

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या आयुष्यात हा एकच पुरुष. पण गोळी घे म्हणावं तर मी छिनाल, गप्प बसावं तर वांझ. मला रडू नाही आलं, संताप आला. गोळ्या खिडकीबाहेर भिरकावून तो आत पलंगावर जाऊन पडला.

तुरीच्या शेंगा सोलत सासू सगळं ऐकत होती. मी तिच्यासमोर बसले.

"डोन्या, विल्किनच्या पाठीवर तुम्हाला दुसरं मूल कसं झालं नाही?"

"थंडी शिरली होती गं. किती बाटल्या प्यायले!"

"आणि सासरे?"

"ते कशाला पितील? ट्रकवर असायचे. गावोगाव..." तिचे हात थांबले. "मला कुणी सांगितलंच नाही गं."

आतून विल्किनची हाक आली. "निउर्का, ये ना. सोड आता राग."

मी उठणार तेवढ्यात सासूने माझं मनगट धरलं. "मला बरं नाही!" ती आतल्या दिशेने ओरडली. "आज ती माझ्यापाशी झोपणार!"

"आणि पुढच्या शनिवारी?" मी हळूच विचारलं.

तिने माझं मनगट सोडलं नाही.