अहवालात नसलेला शब्द

धाकट्याने कागद जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तो उडू नये म्हणून वर मीठदाणी ठेवली.

"बघ ताई. रस्ता ओला, वेग पंचेचाळीस. कुत्रं आडवं आलं तेव्हा तुझ्याकडे फक्त पाऊण सेकंद होता. त्यात कोणी विचार करतं का? हात आपोआप वळतात."

ताई आईसाठी सफरचंद चिरत होती. तिने मान वर केली नाही.

अपघातांची तपासणी ही त्याची नोकरी. टायरच्या खुणा टेपने मोजून गाडी कशी गेली हे तो सांगे. त्याच्या अहवालात 'कारण' असे. 'चूक' हा शब्द त्याने वीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. दगड खाली पडतो, त्यात दगडाची काय चूक? हे ऐकून घरातल्यांचे कान किटले होते. पण आठ महिन्यांपूर्वी ताई चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात आईचे पाय गेले, तेव्हापासून ताई आईच्या खोलीत कधी रिकाम्या हाताने जात नसे. औषध, बशी, धुतलेले कपडे. ठेवायचं आणि निघायचं. तिचा जीव हलका व्हावा म्हणून ही एक तपासणी त्याने सुट्टी टाकून केली होती.

"हात कुठे वळले?" ताईने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

"आईची बाजू खांबावर गेली. माझी नाही."

"सगळेच तसं करतात. मेंदूची रचनाच तशी आहे. तू काही ठरवलं नाहीस."

"मग हे सफरचंद कोण चिरतंय? तोही मेंदूच का?"

याचं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. पण ते त्याच्याने म्हणवेना.

"आठ महिने सगळे म्हणतायत, तुझं काही चुकलं नाही. तू, डॉक्टर, खुद्द आई. अरे, मग मी माफी मागू तरी कशाची?"

तो आकड्यांकडे बघत राहिला. तीनदा तपासले होते. सगळे बरोबर होते. त्याने मीठदाणी बाजूला केली आणि कागदाची घडी घातली.

"चुकलीस तू, ताई," तो म्हणाला. त्याला रडू आलं.

ताईने सुरी खाली ठेवली, हात पुसले. बशी तिथेच राहिली. ती आईच्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

धाकटा टेबलाशी बसून राहिला. फोडी हळूहळू काळ्या पडल्या, तरी आतून कोणी त्या मागितल्या नाहीत.