राखणीचा विडा

हिवरटोल्यात महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी मारुतीच्या पारावर पानाचा विडा ठेवत, आणि तो कुणीतरी उचलला की मगच मार्कंड्याच्या जत्रेला गाड्या हलत. विडा उचलणाऱ्याने गाव राखायचं. गाड्या परत येईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही, तशी मारुतीची आण होती. एका साली विडा उचलायचा राहून गेला आणि अर्धं गाव जळालं, असं म्हातारे सांगत. कोणत्या साली, ते मात्र एकालाही आठवत नसे.

आता जत्रा सोडून गावात कोण थांबणार? ज्याला चालता येत नाही तो. गेली अकरा वर्षं विडा रंभा उचलत होती. तिच्या जोडीला मुखरू, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, आणि इसरू, ज्याचा एक पाय लाकूडतोडीत सागाच्या ओंडक्याखाली गेला होता. अशी ही गावाची फौज. चोर आलाच असता तर तिघांनी त्याला बसायला घोंगडी देऊन गावच्या गोष्टी सांगितल्या असत्या.

रंभा चार वर्षांची असताना तापात तिच्या पायांतली ताकद गेली. तेव्हापासून ती हातांवर जोर देऊन, पाय मागे ओढत सरकायची. धाकट्या भावाच्या, लटारूच्या, ओसरीत बसून पत्रावळी लावायची. पंचक्रोशीत लग्न असो की तेरवी, पत्रावळ रंभाच्या हातचीच लागे, आणि पत्रावळीसोबत तिची जीभही लोकांना सोसावी लागे. चाळिशीला आली होती, पण बोलणं कोवळं झालं नव्हतं.

तिला जत्रेला कधी नेलंच नाही, असंही नव्हतं. विडा उचलू लागण्याआधी एका वर्षी ती हटून बसली, तेव्हा लटारूने तिला गाडीत घातलं. वैनगंगेच्या रेतीत गाड्या सोडल्या. देऊळ तिथून लांब, आणि मधे माणसांचा नुसता गाळ झालेला.

"तुले कुठी नेऊ, बाई? चेंगरून जाशीन," लटारू म्हणाला, आणि त्याने तिला गाडीखाली सावलीत बसवलं. तीन दिवस रंभा गाडीखाली भांडी राखत बसली. तिला चाकं दिसली, बैलांचे खूर दिसले आणि हजारो माणसांच्या पोटऱ्या दिसल्या. भावजय चंदाने तिच्यासाठी बांगड्या आणल्या, प्रसाद आणला. परत आल्यावर कुणीतरी विचारलं, जत्रा कशी होती? रंभा म्हणाली, "पायाची होती."

त्या दिवसापासून जत्रेचं तिचं वेड गेलं. गावाबाहेर जायचं वेड मात्र गेलं नाही. उलट ते अधिकच तिखट झालं, कारण आता तिला कळलं होतं की नुसतं नेऊन भागत नाही. जागाच अशी हवी, जिथे नेल्यावर पुन्हा गाडीखाली बसावं लागणार नाही.

त्या हिवाळ्यात कोलू पानं घेऊन आला. कोलू जंगलातल्या गोंडगावचा. दर आठवड्याला पळसाची नि मोहलाईच्या वेलाची पानं कावडीने आणून रंभाला द्यायचा, बदल्यात तांदूळ न्यायचा. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की त्याच्या गावाखाली नाला जिथे नदीला मिळतो, तिथवर लाकडाच्या ठेकेदाराने गाडीवाट काढली होती. ठेकेदार गेला, वाट राहिली.

रंभाच्या हातातली काडी थांबली. "गाडी कुठवर जाते?"

"थेट पान्यात, बाई."

"खाली चिखल का रेती?"

"रेती. बारीक."

"अन् लोकं?"

"लोकं कुठचे तिथी? मी अन् माकडं."

मग त्या बिचाऱ्याची सुटका राहिली नाही. दर आठवड्याला कावड टेकवली की रंभाची उलटतपासणी सुरू. उतार किती, पाणी किती, सावली कशाची, रात्री जनावर फिरतं का, जवळ विस्तवाला काटक्या मिळतील का. शेवटी तिने विचारलं, "आमी आलो तं तुमच्या गावाले चालन का?" कोलू म्हणाला, गायत्याला, म्हणजे आमच्या पुजाऱ्याला, इचारून सांगतो. पुढच्या खेपेला निरोप आला. "या म्हनते. उभं झाड तोडू नका, अन् रांधाल त्यातला पयला घास आमच्या देवाले ठेवा." एवढाच काय तो खर्च. मार्कंड्याला पंडा, नारळवाला, पाळणेवाला आणि चिवडेवाला यांच्यात माणसाचा खिसा उलटा होऊन परत यायचा.

रंभाने ओसरीत बसून सगळं ठरवलं. जत्रेनंतर आठ दिवसांनी, दोन गाड्या, चार दिवस. डाळ-तांदूळ ज्याचे त्याने. एक जुनी बाज घ्यायची, तिच्या सुंभात मधोमध भोक पाडायचं आणि भोवती लुगड्यांचा आडोसा करायचा, म्हणजे ज्याला उकिडवं बसता येत नाही त्याची सकाळची लाज राखली जाईल. मुखरूसाठी बिऱ्हाडापासून पाण्यापर्यंत दोर बांधायचा, पाण्याजवळ दोराला मोठी गाठ, म्हणजे हाताला कळेल की पुढे नदी आहे. मालगुजारी वाचवायला मालकाने जेवढं डोकं चालवलं नसेल, तेवढं तिने या चार दिवसांसाठी चालवलं.

मालक म्हणजे गुणवंतराव. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, सरकारने घेऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण मालगुजारपणा घ्यायला अजून कुणी आलं नव्हतं. बैलगाड्या कुणाच्याही असोत, त्याने हो म्हटल्याशिवाय गावाबाहेर जात नसत. लटारूने हात झटकले, तेव्हा रंभा स्वतः सरकत सरकत त्याच्या बैठकीपुढे जाऊन बसली आणि सगळं सांगितलं.

"कोनता देव आहे तिथी?" गुणवंतरावाने विचारलं.

"देव त्याईचा आहे. आमी देवासाठी नाई जात."

"मंग कायसाठी?"

"बसाले."

गुणवंतराव हसला. बैठकीतली चार माणसं त्याच्यामागोमाग हसली. "बसाले? रंभे, तू तं बारा महिने बसलेलीच आहेस."

"घरी बसते ते कामाले बसते, मालक. तिथी बिनकामाची बसीन. तुमी उन्हाऱ्यात पचमढीले जाता. तिथी काय नवस फेडता? हवापालट म्हनता. तशीच आमची."

हसणं थांबलं. गुणवंतरावाने पान थुंकलं. बैल जत्रेहून थकून येतील, म्हणाला. पुढे शंकरपटाच्या शर्यती आहेत, म्हणाला. आणि शेवटी खरं ते बोलला. "पांगळ्याची जत्रा काढली म्हनून दहा गावं हसतीन. घरी जा."

रंभा एक शब्द न बोलता घरी गेली. रंभा गप्प बसली याचीच खरं तर त्याला भीती वाटायला हवी होती.

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी पारासमोर बारा गाड्या जुंपलेल्या. बैलांच्या शिंगांना तेल, गळ्यात घुंगरमाळा, गाड्यांत पोरंसोरं, गवताचे भारे, तांदळाची पोती. सगळ्यांत पुढे गुणवंतरावाची दमणी. त्याने पारावर विडा ठेवला, वर सुपारी ठेवली, आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला, "चाल, रंभे. उचल."

रंभा पाराच्या कडेला बसली होती. ती हलली नाही.

"यंदा नाई," ती म्हणाली.

आधी वाटलं, हिला ऐकू आलं नसेल. मग वाटलं, रुसली असेल. गुणवंतरावाने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. त्याने इसरूकडे पाहिलं.

"माह्या तं एकच पाय आहे, मालक," इसरू म्हणाला. "तो बी म्हनते, यंदा मले फिराले जायचं आहे."

लटारू गाडीवरून उडी टाकून आला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "बाई, काऊन अशी करून राह्यली? गाड्या जुपल्या आहेत. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. अकरा वर्सं मी लोकाईच्या गाड्या पाह्यल्या."

तिला पक्कं ठाऊक होतं की आज हे फसलं तर उरलेला सगळा जन्म याच गावात, याच भावाच्या ओसरीत काढायचा आहे, आणि जत्रा बुडवणारी म्हणून दारातून जाणारं प्रत्येक माणूस थुंकून जाईल. चंदा वाढेल तेही तोंड फिरवून वाढेल. एवढं सगळं पणाला लागलं होतं, आणि तेही रेतीत चार दिवस बसण्यासाठी. पण ते चार दिवस तिला हवे होते. भीक म्हणून नको होते, हक्काचे हवे होते.

तिने कमरेच्या गाठीतून दुसरा विडा काढला. पान तिनेच लावलेलं, काडीही तिनेच टोचलेली. तो पहिल्या विड्याशेजारी ठेवला.

"हा तुमचा, मालक. जत्रेनंतर आठ दिवसानं आमी जाऊ, तवा गाव तुमी राखा. तुमी हा उचला, मी तो उचलते."

गुणवंतरावाच्या कपाळाची शीर उभी राहिली. "राखन पांगळ्याचं काम आहे. मी काय पांगळा आहो?"

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. ऊन वर चढत होतं, मुहूर्त सरत होता, आणि विडा उचलल्याशिवाय पहिलं चाक हलवायची छाती एकाही गाडीवानाला होत नव्हती.

तेवढ्यात मोठ्या घराच्या दारातून गुणवंतरावाची आई, शकुबाई, काठी टेकत बाहेर आली. म्हातारी दम्याने अर्धी झालेली. चार पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा चार टाकायची. गावाने तिला दाराबाहेर पाहिल्याला वर्षं लोटली होती. ती पारापाशी आली, रंभाच्या शेजारी खाली बसली आणि श्वास परत येईपर्यंत बसून राहिली.

"माय, तू घरात जा," गुणवंतराव म्हणाला.

"घरातच होती," शकुबाई म्हणाली. "नऊ वर्सं झाली. तू पचमढीहून येतेस अन् मले सांगतेस, माय, हवा लय चांगली होती. मी आयकते. गाड्या मार्कंड्याले गेल्या का दारातून धुरळा पाह्यते." ती पुन्हा थांबली. "मी बी याईच्यातलीच आहो, गुणवंता. मले कोनी विडा बी देत नाई, एवढाच फरक."

गुणवंतरावाने पारावरच्या दोन्ही विड्यांकडे पाहिलं.

"उचल," म्हातारी म्हणाली.

त्याने विडा उचलला, विंचू उचलावा तसा, दोन बोटांत. मारुतीकडे तोंड करून आण घेतली, तीही इतकी हळू की रंभाने मुद्दाम म्हटलं, "आयकू नाई आलं, मालक." त्याला दुसऱ्यांदा म्हणावी लागली. मगच रंभाने आपला विडा उचलला. गाड्या हलल्या.

जत्रा आटोपल्यावर आठ दिवसांनी दोन गाड्या जंगलाच्या वाटेला लागल्या. एकीत रंभा आणि शकुबाई, दुसरीत मुखरू, शकुबाईची बाज, भोक पाडलेली बाज आणि हाकायला इसरू. लटारू तोंड पाडून गाडी हाकत होता. चंदाही निघाली होती. लटारूने विचारलं, तू कायले? ती म्हणाली, "बाईच्या मदतीले नाई येऊन राह्यली. मले बी बसायचं आहे."

कोलूने खोटं सांगितलं नव्हतं. मोठमोठ्या कहूच्या, म्हणजे अर्जुनाच्या, झाडांखालून वाट उतरली आणि गाडी खरोखर पाण्यात गेली, चाकं अर्धी बुडेपर्यंत. लटारू तिला उचलायला पुढे आला. रंभाने त्याचा हात बाजूला सारला. गाडीच्या मागच्या फळीला धरून ती सरकली आणि आपलीआप पाण्यात उतरली. पाण्याने तिला धरलं. जन्मभर तिचे पाय तिच्यामागे ओढले गेले होते, आता पहिल्यांदाच ते तिच्याबरोबर आले. ती रडली. आडोसा नव्हता, कुणी तोंड फिरवलं नाही, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

तीन दिवस काही म्हणजे काही घडलं नाही. मुखरू दोर धरून दिवसातून दहादा गाठीपर्यंत जायचा आणि नदीत पाय सोडून बसायचा. इसरूने मासे धरले, पहिला घास गायत्याच्या देवापुढे गेला. शकुबाई सावलीत आपल्या बाजेवर पडून असायची. तिचा दम काही गेला नाही, पण खोकून झाल्यावर ती चिडायची मात्र थांबली.

चौथ्या दिवशी सकाळी लटारूने बैल आणले. त्याच वेळी कोलू हिवरटोल्याहून तांदूळ घेऊन आला. गुणवंतराव पहाटेपासून पारावर बसतात, म्हणाला. चांदा शहराच्या कचेरीत त्यांची तारीख आहे, पण शीव ओलांडता येत नाही. वाटेने येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, गाड्या कधी येतात.

रंभा गळ्यापर्यंत पाण्यात बसून ऐकत होती.

"बैल सोड, लटारू," ती म्हणाली. "उद्या जाऊ."

"उद्या? अन् गावाकडं कोन पाहीन?"

"आहे ना राखनदार. यंदा दोन पायाचा आहे."

लटारूने आधारासाठी शकुबाईकडे पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाह्यतेस?" म्हातारी बाजेवरून म्हणाली. "परवा म्हन."

लटारूने बैल सोडले.