डाव्या हाताचं सूत

ते १९५४ साल होतं. बानी नदीचं पाणी त्या वर्षी लवकर ओसरलं. कापूस वेचून घरात आला आणि त्याच आठवड्यात दक्षिणेकडून एक माणूस निरोप घेऊन आला, की मामारी त्राओरे कॉफीच्या मळ्यावर तापाने गेला. त्याला तिथेच पुरलं होतं.

मामारीची बायको न्यागाले त्याच दिवशी शोकाच्या खोलीत बसली. शोकाची मुदत सरली की बाई उंबऱ्याबाहेर येते ती नव्या निळ्या वस्त्रात, आणि त्याचं सूत तिच्या लेकीने कातलेलं असावं लागतं. जिला लेकच नाही तिला शेजारपाजारच्या पोरी सूत देतात, त्यात काही कमीपणा नाही. पण लेक असून परक्या सुताचं नेसावं लागलं, तर त्या बाईबद्दल विहिरीवर जन्मभर हळू आवाजात बोललं जातं.

न्यागालेला लेक होती, एकुलती. सितान तिचं नाव. सतरा वर्षांची झाली तरी तिला धड कातता येत नव्हतं.

पोर आळशी नव्हती. जन्माची डावखुरी होती, एवढंच. डावा हात शौचाला वापरायचा. त्याने कुणाला काही द्यायचं नाही, कुणाकडून घ्यायचं नाही. लहानपणी कुंबा आत्याने तो हात चिंधीने कमरेला बांधून ठेवला होता. जेवायला, सलाम करायला उजवा हात शिकला. टकळी मात्र त्याचं कधी ऐकेना.

डावा हात माणसं एकदाच देतात, लांबच्या प्रवासाला निघताना. मुद्दाम मागे ठेवलेली चूक असते ती. ती सुधारायला माणसाने परत यायचं, आणि आल्यावर उजवा हात द्यायचा. मळ्यावर कामाला निघालेल्या मामारीने होडीत चढण्यापूर्वी घाटावर तिघींना डावा हात दिला होता, बायकोला, बहिणीला आणि लेकीला.

कुंबा आत्या ही त्याची थोरली बहीण, गावाची रंगारीण. तिचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे. भावासाठी ती एकदाच रडली, आणि दुसऱ्या दिवशी सितानला घेऊन अंगणात बसली.

"बोटांना राख लाव. टकळीचं टोक भोपळ्याच्या वाटीत ठेव. हां. आता फिरव. अगं, फिरव म्हटलं, गळा नको दाबूस तिचा!"

"तुटतंय, आत्या."

"तुटणारच. कापसाचा पेळू सोडतेस कुठे? पीळ आधी वर चढू दे, मग हात लांब ने. आणि बोटं हलकी ठेव. पीळ जास्त झाला तर नीळ आत शिरत नाही, वरवर बसते. कमी झाला तर मागावर तुटतं."

सितान कातत राहिली. सूत कुठे दोरीसारखं जाड, कुठे केसासारखं बारीक. पहिली गुंडी विणकर झान कुलिबालीकडे गेली तशी परत आली. तो स्वतःच ती घेऊन आला.

"त्राओरेंच्या घरून बाजरीची कणसं विणायला दिलीत होय गं, कुंबा?"

"चवळी खाणाऱ्याला सुतातलं काय कळणार?" आत्या म्हणाली. कुलिबालींना चवळीवरून चिडवायचं आणि त्यांनी सगळ्या जगाला चिडवायचं, हे त्या मुलखात वाडवडिलांपासून चालत आलेलं. एरवी सितान खळखळून हसली असती. त्या दिवशी तिने मान खाली घातली. खोलीच्या दारावर चटई होती, पण आईला सगळं ऐकू जात होतं.

कोठाराच्या मागे ती एकटी बसली तेव्हा टकळी डाव्या हातात कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. टकळी वाटीत गुणगुणायला लागली आणि सूत निघालं ते एकसारखं, कोळ्याच्या धाग्यासारखं. तिला भीती वाटली. टकळी तिने खाली ठेवली, मग पुन्हा उचलली.

त्यानंतर अंगणात आत्यासमोर उजवा हात, कोठारामागे डावा. उजवाही सुधारत होता, पण मुदत जवळ येत होती आणि त्याच्या एकट्याच्या सुताने वस्त्र पुरं होणार नव्हतं. मन शुद्ध राहावं म्हणून दोन्ही सुतं तिने वेगळ्या टोपल्यांत ठेवली. त्या तशाच झानकडे गेल्या, आणि त्याने आपल्या अरुंद मागावर एका टोपलीच्या पट्ट्या वेगळ्या विणल्या, दुसरीच्या वेगळ्या. पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या तेव्हा सगळं पांढरं होतं. कुणाला काही दिसलं नाही.

आत्याने वस्त्र निळीच्या रांजणात पुन्हा पुन्हा बुडवलं, वाळवलं, मग ओंडक्यावर पसरून दोघी लाकडी मोगऱ्यांनी ठोकू लागल्या. ठोकल्याने निळीला चकाकी येते. ती आली, पण पट्टीआड पट्टी. एक रात्रीसारखी झळझळीत काळीनिळी, तिच्या शेजारची मंद. एकच रांजण, एकच हात, तरी रंग दोन.

आत्याने मोगरी टाकली. मंद पट्टीच्या टोकाचा धागा चिमटीत धरून उलगडला, मग झळझळीत पट्टीचा. तो उलट्या बाजूने उलगडला.

"डावा हात," ती म्हणाली.

सितानने तो हात पाठीमागे घेतला.

"आईला डाव्या हाताने देतेस? माझा भाऊ जाऊन... आणि तू, झान!" तो कुंपणापाशी येऊन उभा होता. "पीळ उलटा आहे, हे मागावर दिसलं नाही तुला?"

"मी चवळी खाणारा माणूस. मला सुतातलं काय कळणार?" झान म्हणाला खरा, पण त्याचा आवाज थट्टेचा नव्हता.

"हे कुणी नेसणार नाही. सितान, जा, शेजारून सूत मागून आण."

"वन्स." आवाज खोलीतून आला. "ते आधी इकडे आणा."

आत्या वस्त्र घेऊन आत गेली, सितान दारात थांबली. न्यागालेने ते मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं.

"डाव्या हाताच्या पट्ट्या कोणत्या गं?"

"चकाकतात त्या, आई."

न्यागाले बराच वेळ त्यांच्यावरून हात फिरवत राहिली.

"वन्स, घाटावर त्याने तुम्हाला कोणता हात दिला?"

आत्याने आपल्या निळ्या डाव्या हाताकडे पाहिलं.

"मलाही तोच दिला. परत येऊन उजवा द्यायचा होता. आता कोण देणार? माझा हात तसाच राहिलाय. त्याच्या लेकीने दोन्ही हात दिलेत मला, शेजारी शेजारी. मी यातलं काय टाकू?"

आत्या तिच्याशेजारी टेकली. भावासाठी ती दुसऱ्यांदा रडली ती तिथे. मग पदराने नाक पुसून तिने वस्त्राची कड उलटून पाहिली.

"इथली शिवण उसवलीय. सुई आण गं." आणि सितानने सुई पुढे केली तशी म्हणाली, "उजव्या हाताने दे, भवाने!"

न्यागाले ते नेसून बाहेर आली. विहिरीवरच्या बायका पट्ट्यांकडे बघत राहिल्या. एकीने विचारलं तेव्हा कुंबा आत्या म्हणाली, "मीच तसं रंगवलंय. येतं का तुला?"

झान पुढची पुष्कळ वर्षं विणत राहिला. म्हातारपणी त्याची दृष्टी गेली, तरी उलट्या पिळाचं सूत त्याच्या बोटांना कळायचं, आणि तो ते मागून घ्यायचा. न्यागालेने ते वस्त्र विटून आभाळाच्या रंगाचं होईपर्यंत नेसलं. सितानचं लग्न नदीपलीकडे झालं. तिच्या थोरल्या मुलीचा डावा हात कुणी बांधला नाही. कुंबा आत्याने अंथरूण धरलं तेव्हा सितान होडीने आली, आणि कफनाचं सूत कोणत्या हाताने कातू, म्हणून तिने विचारलं.

"ज्याने सूत तुटणार नाही, त्या," आत्या म्हणाली.