ढवळजाईच्या माथ्यावरची उतरंड

मी ढवळजाईचा डोंगर बोलतोय. वडूजच्या रस्त्याला लागलात की उगवतीला दिसतो, तो मीच. माझ्या जन्माबद्दल लोक वाटेल ते सांगतात. म्हणे औंधच्या यमाईशी भांडून तिची धाकटी बहीण इथं पाठ फिरवून बसली आणि तिचाच डोंगर झाला. माझ्या पोटात सोन्याचे हंडे आहेत, असंही म्हणतात. असतील तर मला तरी माहीत नाहीत. मी आपला ऊन खात पडून असतो.

त्यांचा लाडका समज मात्र माझ्या माथ्यावरचा. घरचा माणूस परमुलखात निघाला, की आईनं इथं सात दगडांची उतरंड रचायची. ती उभी आहे तोवर माणूस सुखरूप.

हरणाबाईचा सयाजी पलटणीत होता. चव्वेचाळीस साली रजा संपवून तो इटलीच्या लढाईवर गेला आणि तिनं उतरंड रचली. चार महिन्यांत तार आली, सयाजी पडला. चावडीत ती वाचून दाखवली, तशी हरणाबाई ताडकन उठली. "उतरंड उभी हाय. तार खोटी!"

तिनं ना सुतक धरलं, ना सुनेचं कुंकू पुसू दिलं. रोज सकाळी धापा टाकत वर यायची आणि खाली जाऊन सांगायची, "उभी हाय." गाव म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही तसंच वाटलं.

खरी गोष्ट मोहिद्दीनला माहीत होती. तो सयाजीचा जोडीदार, माझ्या अंगावर शेळ्या चारायचा. तार यायच्या आधीच त्याच्या शेळीनं ती उतरंड पाडली होती. बिचाऱ्यानं गुपचूप परत रचली. दोस्ताला आपणच मारलं, असं त्याच्या मनानं घेतलं. शेवटी एका सकाळी त्यानं हरणाबाईचे पाय धरले.

"काकी, तुझी उतरंड कवाच पडली. ही मी रचलीया."

"ठावं हाय रं. त्यानंतर दोनदा पडली, ती मी रचली."

"मग गावाला खोटं का सांगत हुतीस?"

"तार आली तवा सुनेला चौथा म्हैना हुता. तिनं धसका घेतला असता, तर पोटातलंबी गेलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काल सुटली. पोरगी झाली. दोघी धड हायती."

मग तिनं वरचा दगड उचलून बाजूला ठेवला. दुसरा मोहिद्दीननं उचलला. सातही दगड खाली आल्यावर ती जी रडली, तसं रडणं मी इतक्या पावसाळ्यांत ऐकलं नव्हतं. मला वाईट वाटलं. डोंगराला असं काही वाटतं, हे मलाही नवीनच होतं.

आता लढाई संपली आहे. लोक अजून येतात, उतरंडी रचतात, माझ्याकडे कौल मागतात. बाबांनो, मी दगड आहे, मला कुणाचं काही कळत नाही. धीर हवा असेल तर एवढी चढण चढू नका. खाली गावात हरणाबाईचं घर विचारा.