मधल्या पत्र्याचं अस्तर

इंजिन रविवारी बसवायचं ठरलं होतं, आणि बुधवार उजाडला तरी इनागाकी इवाओ आणि हाचिसुका यांचं अस्तरावर एकमत होत नव्हतं.

जपानमधल्या ओकाझाकी शहराच्या कडेला, इवाओच्या घरामागच्या शेडमध्ये ती गाडी उभी होती. १९६८ सालची, दोन दारांची, हस्तिदंती रंगाची. इवाओची सगळी हयात मोटारींच्या कारखान्यात इंजिनं जोडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर एका पर्सिमन फळांच्या बागेत गंजत पडलेली ही गाडी त्याला सापडली आणि सहा वर्षं तो तिच्यामागे वेडा झाला. दोन गल्ल्या पलीकडे गॅरेज चालवणारा हाचिसुका पत्र्याच्या कामाला मदतीला यायचा. आता सगळं झालं होतं. बॉनेटखालची रिकामी जागा ताज्या रंगाने आरशासारखी चकाकत होती. राहिलं होतं ते एवढंच: इंजिन आणि माणसं बसायची जागा यांच्यामध्ये जो उभा पत्रा असतो, त्याला आवाज अडवणारं अस्तर लावायचं. एकदा इंजिन आत उतरलं की तिथे काम करायला जागा उरत नाही.

फुसाए चहा घेऊन शेडमध्ये आली तेव्हा बाकावर तीन तुकडे मांडलेले होते. एक काळा, रबरासारखा, वर चांदीचा कागद चिकटवलेला. एक करडा, स्पंजासारखा. तिसरा पांढरा, काचेच्या लोकरीचा.

"हा चांदीवालाच लावू," हाचिसुका म्हणत होता. "हल्ली सगळे हाच लावतात. कागद सोलायचा, चिकटवायचा, विषय संपला."

"वजन बघ त्याचं! पुढच्या चाकांवर दगड ठेवल्यासारखं होईल. स्पंज हलका आहे," इवाओ म्हणाला.

फुसाएने चहाचा ट्रे ठेवला आणि करडा तुकडा उचलून नाकाशी नेला. मग चांदीवाल्याच्या कडेला नख रुतवून पाहिलं.

"यातलं एकही तिथे चालायचं नाही," ती म्हणाली.

इवाओ हसला. तो काही दुष्ट माणूस नव्हता, पण इंजिनाच्या गोष्टीत बायकोने तोंड घालणं त्याला नवीन होतं. "अगं, ही काय गोधडी शिवायची आहे का? हे गाडीचं काम आहे. तू आपला चहा ओत."

फुसाएने चहा ओतला. हाचिसुकाला दोन बिस्किटं जास्त दिली, नवऱ्याला एकही नाही, आणि ती घरात गेली.

*

गोधडी. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द तिने कितीतरी वेळा ऐकला होता. पंधराव्या वर्षी ती गोतो बेटांवरून, शाळा संपताच, गावातल्या आणखी नऊ मुलींबरोबर आधी बोटीत, मग आगगाडीत बसून इथे कानबेंच्या गिरणीत कामाला आली. ही गिरणी चिंध्यांची होती. देशभरातून जुने कपडे गाठोड्यांनी यायचे. ते फाडायचे, पिंजायचे, पुन्हा त्यांचा कापूस करायचा, आणि तो दाबून त्याचा नमदा, म्हणजे जाड, घट्ट थर, बनवायचा. अकरा वर्षं ती तिथे होती, त्यातली शेवटची सात तापत्या साच्यावर. लग्न झाल्यावर सासरी तिची ओळख 'चिंध्यावाली सून' अशी करून दिली जायची. हसत हसतच, पण करून दिली जायची. तो नमदा पुढे कुठे जातो, हे इवाओने कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, असेल, मोटारीत काय चिंध्याही लागतात.

दुपारी पुरुष जेवायला गेले तेव्हा ती शेडच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिशवीपाशी बसली. गाडीतून खरवडून काढलेलं जुनं अस्तर त्यात होतं. बहुतेकाचा भुगा झालेला. पण हीटरच्या पेटीमागे दडलेला तळहाताएवढा एक तुकडा शाबूत निघाला. तिने तो उजेडात धरला. वरून भाताच्या खरपुडीसारखी काळी, कडक साय. आतून मऊ, आणि त्या मऊपणात निळे धागे, खाकी धागे, मध्येच एखादा लाल. शाळेचे गणवेश, फौजी कांबळी, कुणाची तरी स्वेटरं. कोपरा तिरका कापलेला होता. साच्यातून काढताना बोट भाजू नये म्हणून कानबेंच्या गिरणीत कोपरा तसाच कापायचे. दुसरीकडे कुठे कापत असतील तर तिला माहीत नव्हतं.

तिने तो तुकडा खिशात घातला. मग उठून गुडघे झटकले आणि हाचिसुकाला फोन लावला.

"उद्या सकाळी ते तीन तुकडे घेऊन माझ्या स्वयंपाकघरात या. यांनाही आणा."

"वहिनी, काही चुकलं का माझं?"

"अजून नाही. चांदीवालं चिकटवलंत तर चुकेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसच्या शेगडीवर लोखंडी तवा तापत होता. फुसाएने डोक्याला फडकं बांधलं होतं, गिरणीत बांधायची तसं, कपाळावर घट्ट गाठ मारून.

चांदीवाला तुकडा तिने पत्र्याच्या एका पट्टीवर चिकटवला आणि पट्टी तव्याशेजारी उभी केली. तिघं घड्याळाकडे बघत बसले. बाराव्या मिनिटाला काळा थर मऊ पडला आणि तुकडा गोगलगाईसारखा हळूहळू खाली सरकू लागला.

"धूर सोडायच्या नळ्यांपाशी याहून जास्त तापतं ना हो?" तिने नवऱ्याला विचारलं.

"कितीतरी," इवाओ म्हणाला. खोटं त्याला बोलता येत नव्हतं.

"पायाखाली, आतल्या बाजूला लावा. तिथे उत्तम आहे. पुढे नको."

स्पंजाचा तुकडा तिने चिमट्यात धरून आचेवर नेला. तो पेटला, वितळला, आणि जळते थेंब ताटलीत टपटपले. हाचिसुकाने नकळत खुर्ची मागे घेतली. काचेच्या लोकरीला आगीने काही झालं नाही, पण फुसाएने तिच्यावर चमचाभर इंजिनाचं तेल ओतलं तर ते लोकरीने क्षणात पिऊन टाकलं.

"तहानलेल्या बैलासारखं," हाचिसुका पुटपुटला.

"आणि प्यालेलं परत देत नाही. पाणी प्यायलं की मागचा पत्रा गंजतो. तुमचा सहा वर्षांचा रंग."

मग तिने तो जुना तुकडा काढला. आचेवर धरला, तो काळवंडला, धुमसला. आच काढताच विझला. तेल ओतलं, ते कडक सायीवरून ओघळून गेलं.

"अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे हा," फुसाए म्हणाली. "आत नमदा, त्यात राळ, वरून तापता साचा दिलेला. कानबेंच्या गिरणीतला. त्या साली साच्यावर दोघीच होतो. मी आणि सेत्सुको. सेत्सुको गेली."

इवाओने तुकडा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हे तू केलंस?"

"मी किंवा सेत्सुकोने."

"मी इंजिन बसवत होतो," तो सावकाश म्हणाला, "तेव्हा हे आधीच लावलेलं यायचं. रोज माझ्या नाकासमोर असायचं."

"असायचं ना."

हाचिसुकाने घसा खाकरला. "वहिनी, मग आता नवं कोण करून देणार?"

"मी. पण रविवारी नाही. इंजिन थांबेल तुमचं."

*

कानबेंची गिरणी अजून चालू होती, पण आता तिथे हातमोज्यांचं सूत निघायचं. थोरले कानबे जाऊन वीस वर्षं झाली होती. मुलगा शिगेकी पन्नाशीचा, पोटाने सुटलेला. फुसाएला बघून तो लहानपणीसारखाच ओरडला, "फुसाए ताई! तू माझ्या चड्डीत चिंध्या भरल्या होत्यास, आठवतं का?"

"तू साच्यापाशी यायचास म्हणून. भाजला असतास. साचा कुठे आहे तो?"

साचा मागच्या खोलीत ताडपत्रीखाली होता. पिंजलेला थर टोचून घट्ट करणारं सुयांचं यंत्रही होतं. शिगेकीने आठवडाभर तेलपाणी केलं, दोन पट्टे बदलले, आणि यंत्र खडखडत जागं झालं.

लोकर सात भाग, सूत तीन भाग. हे प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. फुसाएच्या बोटांत होतं. लोकरीसाठी तिने शेजारपाजारच्यांकडून जुने कपडे मागवले. इवाओनेही कपाटातून आपला निवृत्तीच्या समारंभातला सूट आणला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

"घे. शुद्ध लोकर आहे. पडू दे खर्ची."

फुसाएने शिवणीतला एक धागा ओढून काडीने पेटवला. टोकाशी कडक काळा मणी झाला.

"निम्मं प्लास्टिक आहे हो."

"काय सांगतेस! दुकानदाराने शपथ घेतली होती!"

"ठेवा तसाच. माझ्या नमद्यात नको."

पहिला घाणा वाया गेला. फुसाएने पिंजलेलं टाकणखाराच्या पाण्यात बुडवलं होतं, आगीला दाद देऊ नये म्हणून, पण ते नीट वाळायच्या आधीच साच्यात घातलं. आत वाफ कोंडली आणि नमदा भाकरीसारखा टम्म फुगला. शिगेकी म्हणाला, चालेल की ताई, कोण बघतंय, बॉनेटखाली तर जायचंय. फुसाएने फुगलेला तुकडा उचलून त्याच्या हातात दिला. मग त्याने निमूटपणे तो चिंध्या फाडायच्या यंत्रात टाकला. पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी इवाओ पुठ्ठ्याचा नमुना घेऊन गिरणीत आला. लग्नाआधी तो या फाटकापाशी सायकल टेकवून तिची वाट बघायचा. फाटकाच्या आत मात्र त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. आत आला आणि दारातच थबकला. एवढा आवाज त्याच्या इंजिनांच्या कारखान्यातही नव्हता. त्या गदारोळात फुसाए डोक्याला फडकं बांधून उभी होती आणि एक शब्द न बोलता काम चालवत होती. दोन बोटं वर केली की शिगेकी यंत्राचा वेग उतरवायचा. तळहात आडवा केला की थांबायचा. पिंजलेल्याचा थर साच्यात पसरताना तिचे हात असे फिरत होते की इवाओला आपल्या मुख्य जोडणीकाराची आठवण झाली. त्या माणसाच्या हाताखाली काम मिळावं म्हणून तो तरुणपणी तीन वर्षं झुरला होता.

साचा उघडला. फुसाएने कोपरा तिरका कापला, अस्तर बाहेर ओढलं आणि नखाने टकटक केली. लाकडासारखा आवाज आला. उलटं करून गालाला लावलं. मग नवऱ्याकडे वळून तिने मान हलवली.

यंत्र थांबल्यावर इवाओ म्हणाला, "हात भाजला का?"

"नाही."

"आण, मी धरतो."

"दोन्ही बाजूंनी धरा. गरम आहे. मुडपू नका."

"हो, हो," इवाओ म्हणाला, आणि तिने सांगितलं तसं त्याने धरलं.

*

तीन आठवड्यांनी इंजिन बसलं. ते उतरवायच्या आधी धुराच्या नळ्यांसमोर, जिथे आच सर्वांत जास्त, तिथे फुसाएने अस्तरावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा लावायला सांगितला. हाचिसुकाने तो जिवापाड जपून ठोकला. इवाओने किल्ली फिरवली. हाचिसुका आवाज मोजायचं यंत्र घेऊन मागे बसला होता.

"चांदीवाल्याने आवाज याहून थोडा कमी झाला असता," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "थोडाच."

"गप्प बस," इवाओ म्हणाला. तो डोळे मिटून ऐकत होता. पत्र्याचा खळखळाट नव्हता, डोक्यात घुमणारी घरघर नव्हती. इंजिनाचा आवाज मात्र होता, गोल आणि भरीव, चारही सिलिंडर एकापाठोपाठ. "आमच्या साहेबांना हाच आवाज हवा असायचा. इंजिन मारायचं नाही, नुसता गोंगाट मारायचा. अगं, हे तुम्हाला गिरणीत कुणी सांगितलं होतं का?"

"नमुना परत यायचा कारखान्यातून. फार मऊ झाला, फार कडक झाला, अशी चिठ्ठी लावून. अकरा वेळा आला होता. बारावा आला नाही."

एप्रिलमध्ये नदीकाठच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरला. चेरीची फुलं गळत होती, गोहेई-मोची, म्हणजे काडीवरच्या भाताच्या वड्या, भाजल्याचा वास सगळीकडे पसरला होता. हस्तिदंती गाडीभोवती सकाळपासून माणसं होती. तोयोहाशीहून आलेला एक किडकिडीत गृहस्थ, त्याच्याकडेही हेच मॉडेल होतं, हातात बॅटरी घेऊन बॉनेटखाली कंबरेपर्यंत वाकला. मेळ्यात त्याचा दरारा होता. चुकीचा स्क्रूसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"हे अस्तर," तो आतूनच म्हणाला. "हे कुठे मिळालं? मूळचं आहे की नवं?"

इवाओने तोंड उघडलं. मग मिटलं, आणि एक पाऊल बाजूला झाला. "ते यांना विचारा. इंजिन माझं, अस्तर यांचं."

फुसाए पुढे आली. "अडुसष्ट साली साच्यावर मी होते. यंदाही मीच होते. आता मूळचं कुठलं आणि नवं कुठलं, ते तुम्हीच ठरवा."

गृहस्थ बाहेर आला. त्याने बॅटरी विझवली, टोपी काढली आणि कंबरेत वाकून नमस्कार केला. इतका खाली की आजूबाजूचे बोलायचे थांबले. "वीस वर्षं शोधतोय मी हे," तो म्हणाला. "मला एक करून द्याल?"

"पुठ्ठ्याचा नमुना पाठवा. घाई करायची नाही. वाळायला वेळ लागतो."

दुपारपर्यंत अशी पाच नावं झाली. हाचिसुकाने ती तळहातावर लिहून घेतली, कारण कागद आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. इवाओ बॉनेट धरून उभा होता आणि येईल त्याला आधी मधला पत्रा दाखवत होता, इंजिन नंतर. "माझ्या बायकोचं काम," तो म्हणायचा. आवाज जरा चढवूनच.

एक तरुण जोडपं आलं. मुलगी बोट पुढे करून थांबली. स्पर्श करू नका अशी पाटी बाजूच्या सगळ्या गाड्यांवर होती.

"लाव हात," फुसाए म्हणाली. "जोरात दाब. काही होत नाही त्याला."